हॉटेलची सदस्यत्व योजना बदलावी का? नागपूरहून सतत दौऱ्यावर असणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाणींतील यंत्रांच्या सुट्या भागांचा पुरवठा हा माझा व्यवसाय आहे, आणि त्यापायी वर्षातील ऐंशीहून अधिक रात्री नागपूरबाहेर जातात. हॉटेलांच्या साखळ्या नेहमीच्या पाहुण्यांसाठी सदस्यत्व योजना चालवतात: त्यांत खर्चावर पॉइंट्स जमतात, ज्यांतून पुढे मोफत रात्री घेता येतात, आणि वर्षभरातील रात्रींप्रमाणे सवलती देणारा दर्जा मिळतो. मी गेल्या काही वर्षांत एकदा अशी योजना बदलली आहे आणि एकदा बदलता बदलता थांबलो आहे. नागपूरच्या विमानतळावर किंवा दुरांतोच्या डब्यात भेटणारे समव्यावसायिक याविषयी जे प्रश्न विचारतात, ते येथे उत्तरांसह दिले आहेत.

योजना बदलण्याचा विचार नेमका केव्हा करावा?

तुमचे दौऱ्याचे मार्ग बदलले असतील, तर सर्वप्रथम करावा. पूर्वी पुणे-मुंबई करणाऱ्या माणसाकडे रायपूर आणि कोलकाता आले की त्याच्या जुन्या योजनेचा अर्धा उपयोग तेथेच संपतो. योजनेने आपले नियम बदलले किंवा तुमच्या कंपनीने बुकिंगची पद्धत बदलली, तरीही फेरविचार योग्य ठरतो. मात्र एखाद्या रात्री खोली वेळेवर मिळाली नाही किंवा काउंटरवरचा मुलगा तुटक बोलला, एवढ्यावरून योजना बदलू नये. त्या रागाची किंमत पुढे दोन वर्षे मोजावी लागते.

सुरुवात कोठून करावी?

हॉटेलच्या जाहिरातीपासून नव्हे, तर आपल्या स्वतःच्या गेल्या बारा महिन्यांपासून करावी. माझ्याकडे एक साधी लाल बांधणीची वही आहे, जिच्यात तारीख, गाव, हॉटेल, दर आणि बुकिंग कोणी केले एवढे पाच रकाने आहेत. एका वर्षाच्या ८४ रात्रींची बेरीज मांडली, तेव्हा माझा मलाच धक्का बसला. चंद्रपूर आणि वणी येथे १७ रात्री, कोरबा, सिंगरौली आणि कोठागुडेम येथे मिळून २४ रात्री. म्हणजे ४१ रात्री अशा ठिकाणी गेल्या, जेथे माझ्या कामाच्या जागेजवळ साखळीचे हॉटेल मला वापरता येत नाही. उरलेल्या ४३ रात्रींपैकी हैदराबादला १४, मुंबईला १२, रायपूरला ९ आणि कोलकात्याला ८ होत्या. त्यांतीलही ८ रात्री ग्राहकाच्या विश्रामगृहात गेल्या होत्या, कारण तेथे नाही म्हणता येत नाही.

थोडक्यात, मी स्वतःला ८४ रात्रींचा प्रवासी समजत होतो, पण हॉटेल साखळीच्या दृष्टीने मी फार तर ३५ रात्रींचा गिऱ्हाईक होतो. योजना बदलावी की नाही याचा सगळा निर्णय या दुसऱ्या आकड्यावर घ्यायचा असतो. ज्या रात्री तुम्ही स्वतःच्या मर्जीने एका साखळीतून दुसरीकडे वळवू शकता, तेवढ्याच रात्री मोजाव्यात. बाकीच्या रात्री वहीत ठेवाव्यात, हिशेबात घेऊ नयेत.

मुंबई-दिल्लीच्या प्रवाशांना दिलेला सल्ला नागपूरकरांना लागू पडत नाही काय?

पुष्कळदा पडत नाही. महानगरांतून महानगरांत फिरणाऱ्या माणसाला सर्व मोठ्या साखळ्या सर्वत्र मिळतात, म्हणून तो केवळ फायद्यांची तुलना करतो. आपल्याकडचा प्रवासी कोळसा, सिमेंट, वीज, तांदूळ, संत्री यांच्या मागे फिरतो आणि ही कामे मोठ्या विमानतळांच्या शेजारी क्वचितच असतात. त्यामुळे आपल्यासाठी पहिली कसोटी उपस्थितीची आहे. हैदराबाद, मुंबई आणि कोलकाता येथे मॅरियट, अकॉर, हयात, ताज असे बहुतेक सर्व पर्याय आहेत, तेव्हा ती तीन शहरे कोणाच्याच बाजूने कौल देत नाहीत. कौल देते ते चौथे, मधल्या आकाराचे गाव. माझ्या बाबतीत ते रायपूर होते. तेथे मॅरियटचे कोर्टयार्ड हे हॉटेल आहे. तुमच्या बाबतीत ते भोपाळ, जबलपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा विशाखापट्टणम असू शकेल. आपले ‘चौथे गाव’ कोणते हे ठरले की निवड अर्धी झालीच.

येथे एक नोंद करावीशी वाटते. मे २०२५ मध्ये मॅरियटने ‘सीरीज बाय मॅरियट’ हा नवा ब्रँड भारतातील द फर्न हॉटेल्सच्या साथीने जाहीर केला. फर्नची हॉटेले मध्यम व लहान शहरांत पुष्कळ आहेत, त्यामुळे आज जेथे काहीच नाही असे वाटते तेथे उद्या आपल्या योजनेचे हॉटेल असू शकते. म्हणून उपस्थितीची यादी दर वर्षी नव्याने पाहावी.

कोणत्या योजनेत कोणत्या दर्जासाठी किती रात्री लागतात?

मॅरियटच्या योजनेत, म्हणजे मॅरियट बॉनव्हॉयमध्ये, सिल्व्हरसाठी १०, गोल्डसाठी २५, प्लॅटिनमसाठी ५० आणि टायटेनियमसाठी ७५ रात्री लागतात. त्यावरच्या अँबॅसेडरसाठी १०० रात्रींबरोबर २३,००० डॉलरच्या खर्चाचीही अट आहे. हॉलिडे इनवाल्या आयएचजी साखळीच्या वन रिवॉर्ड्समध्ये हेच टप्पे १०, २०, ४० आणि ७० असे आहेत. हयातमध्ये ते १०, ३० आणि ६० आहेत. अकॉरमध्ये सिल्व्हर १०, गोल्ड ३० आणि प्लॅटिनम ६० रात्रींना मिळते, तर डायमंड मात्र केवळ खर्चावर ठरते.

हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. आपला आकडा या टप्प्यांच्या मध्ये कोठे पडतो, तेवढे पाहावे. माझ्या ३५ रात्री मॅरियटमध्ये गोल्डच्या दहा रात्री वर आणि प्लॅटिनमच्या पंधरा रात्री खाली पडत होत्या, म्हणजे अगदी नको त्या जागी. त्याच ३५ रात्री अकॉरमध्ये गोल्ड सहज देतात, आणि आयएचजीमध्ये प्लॅटिनमला पाचच कमी पडतात. टप्प्यापेक्षा दहा-पंधरा रात्री जास्त होऊन पुढचा टप्पा न गाठणे हा या खेळातील सर्वांत मोठा अपव्यय आहे, कारण त्या जादा रात्रींबद्दल दर्जाच्या रूपाने काहीही पदरात पडत नाही.

दर्जा महत्त्वाचा की पॉइंट्स?

माझे ठाम मत दर्जाच्या बाजूने आहे, आणि तेही दर्जामुळे मिळणाऱ्या दोनच गोष्टींसाठी: सकाळचा नाश्ता आणि उशिरा खोली सोडण्याची सवलत. हे मत हिशेबावर उभे आहे, म्हणून हिशेबच मांडतो.

समजा, खोलीचा दर ₹६,३०० आहे आणि सोयीसाठी एक डॉलर ₹९० धरला. मॅरियटच्या बहुतेक ब्रँडमध्ये डॉलरमागे १० पॉइंट्स मिळतात, म्हणजे त्या रात्रीचे ७०० पॉइंट्स झाले. आता तीच खोली, ५ टक्के कर धरून ₹६,६१५ ची, समजा १४,७०० पॉइंट्सना मोफत मिळत असेल, तर एका पॉइंटची किंमत ४५ पैसे पडते आणि ७०० पॉइंट्स म्हणजे ₹३१५, दराच्या साधारण पाच टक्के. गोल्ड दर्जाला यावर २५ टक्के जादा पॉइंट्स मिळतात. ती वाढ १७५ पॉइंट्सची, म्हणजे सुमारे ₹७९ ची. आता नाश्त्याच्या बुफेचा दर सातशे-आठशे रुपये असेल, तर नाश्ता देणारा दर्जा आणि न देणारा दर्जा यांतील फरक किती मोठा आहे हे वेगळे सांगायला नको. मॅरियटमध्ये गोल्डला नाश्ता नाही, प्लॅटिनमला बहुतेक ब्रँडमध्ये आहे. हिल्टनमध्ये अमेरिकेबाहेर गोल्डलाच नाश्ता मिळतो. ‘गोल्ड’ हा एकच शब्द दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी सांगतो, त्यामुळे नावावर भाळू नये.

अर्थात ज्यांच्या कंपनीच्या करारातील दरातच नाश्ता धरलेला असतो, त्यांच्यासाठी हा मुद्दा गळून पडतो. आणि ज्यांना सकाळी सात वाजता टपरीवरचे तर्री पोहेच लागतात, त्यांनाही हॉटेलच्या पांढऱ्याफटक पोह्यांचे मोल लावण्याचे कारण नाही.

उशिरा चेकआउटला एवढे महत्त्व का द्यावे?

कारण आपल्या परतीच्या गाड्या बहुधा संध्याकाळच्या किंवा रात्रीच्या असतात. मुंबईत दुपारी बारा वाजता खोली सोडावी लागली की सामान हॉटेलच्या लॉबीत ठेवून, घामाने भिजलेल्या शर्टात दोन बैठका उरकून, तसेच स्टेशन गाठावे लागते. मॅरियटचा प्लॅटिनम दर्जा रिसॉर्ट आणि परिषदांची हॉटेले वगळता दुपारी चारपर्यंत खोली ठेवू देतो, तर गोल्डला दोनपर्यंतची सवलत खोली उपलब्ध असेल तरच मिळते. बैठक आटोपून, अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून निघणे ही चाळिशीनंतर चैन राहत नाही. ही सवलत आदल्या रात्रीच काउंटरवर सांगून ठेवावी. सकाळी साडेअकराला फोन करणाऱ्याला ती क्वचितच सुखासुखी मिळते.

दोन योजनांचे पॉइंट्स एकमेकांशी कसे ताडून पाहावेत?

पॉइंट्सची संख्या कधीही ताडू नये, कारण प्रत्येक साखळीचे नाणे वेगळे आहे. वरच्या उदाहरणाप्रमाणे रुपयांत रूपांतर करून, दर शंभर रुपयांच्या खर्चावर किती रुपये परत येतात एवढेच पाहावे. अकॉरमध्ये हे काम सोपे आहे, कारण तेथे २,००० पॉइंट्स म्हणजे ४० युरोची सूट असा भाव बांधलेला आहे. ताजच्या बाबतीत टाटा न्यू या टाटांच्या अ‍ॅपवरील एका न्यूकॉइनची, म्हणजे तेथील पॉइंटची, किंमत एक रुपया धरली जाते. मॅरियटने २०२२ पासून मोफत रात्रींचा ठरलेला तक्ता काढून टाकला. आता मागणीप्रमाणे पॉइंट्सचा आकडा वरखाली होतो. हयातने श्रेणीवार तक्ता ठेवला आहे, त्यामुळे कोणत्या हॉटेलला साधारण किती लागतील हे आधी कळते.

बांधलेला भाव असलेल्या योजनेत लॉटरी लागत नाही आणि फसगतही होत नाही. बदलत्या भावाच्या योजनेत दिवाळीच्या गर्दीत, रोख दर आकाशाला भिडलेला असताना, एखादी खोली नेहमीच्या पॉइंट्सना मिळून जाते. अशी शोधाशोध करण्याची हौस असेल तर दुसरा प्रकार घ्यावा. मला ती हौस नाही, पण माझ्या पत्नीला आहे, आणि आमच्या घरातील सर्व मोफत रात्री तिनेच शोधलेल्या आहेत.

कंपनीचे ट्रॅव्हल डेस्क बुकिंग करते. मग योजनेचा उपयोग काय?

हा प्रश्न योजना बदलण्याआधी सोडवला नाही, तर बाकीचा सगळा विचार व्यर्थ जातो. प्रवासाच्या त्रयस्थ संकेतस्थळांवरून केलेल्या बुकिंगला बहुतेक मोठ्या साखळ्या पॉइंट्सही देत नाहीत आणि त्या रात्री दर्जासाठीही मोजत नाहीत. कंपनी आणि हॉटेल यांच्यात थेट ठरलेल्या करारदराच्या रात्री मात्र सामान्यतः मोजल्या जातात. म्हणून ट्रॅव्हल डेस्कला एकच प्रश्न विचारावा: बुकिंग हॉटेलच्या करारदराने होते की एखाद्या संकेतस्थळावरून? उत्तर दुसरे असेल, तर योजना कोणतीही घेतली तरी तुमच्या वाट्याला फक्त मोफत वायफाय येईल.

खाजगी कंपन्यांत पॉइंट्स बहुधा कर्मचाऱ्याकडे राहू देतात, पण हे प्रत्येक कंपनीच्या धोरणावर आहे. आधी विचारून घेणे इभ्रतीचे असते.

नाव आणि सदस्य क्रमांक यांत कोणती चूक होते?

आपल्या तीन पदरी नावांची. आधार कार्डावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. पॅनवर तेच थोडे वेगळे. ट्रॅव्हल डेस्कच्या यादीत आडनाव आधी. आणि योजनेच्या खात्यात फक्त नाव व आडनाव. हॉटेलच्या संगणकाला हे चार वेगवेगळे पाहुणे वाटतात.

एका वर्षी डिसेंबरच्या अखेरीस माझ्या वहीप्रमाणे मी हवा असलेला टप्पा एका रात्रीने ओलांडला होता, पण योजनेच्या खात्यात दोन रात्री कमी दिसत होत्या. शोध घेतला तेव्हा कळले, की पावसाळ्यातील एका दौऱ्याच्या तीन रात्री माझ्या वडिलांच्या नावाला आडनाव समजून नोंदवल्या गेल्या होत्या आणि त्यांना सदस्य क्रमांक जोडलेलाच नव्हता. दावा करण्यासाठी बिल मागितले गेले. मूळ बिल कंपनीच्या हिशेबाला गेले होते, माझ्याकडे त्याचा फोटोही नव्हता, आणि ती नोंद मिळेपर्यंत वर्ष उलटले होते. तेव्हापासून चेकआउटच्या वेळी बिलावर सदस्य क्रमांक छापला आहे की नाही हे मी काउंटरवर उभे राहूनच पाहतो आणि तेथेच त्याचा फोटो काढतो. मागे रांग असली तरी काढतो.

‘स्टेटस मॅच’ म्हणजे काय आणि ती केव्हा मागावी?

एका साखळीतील तुमचा दर्जा पाहून दुसरी साखळी तेवढाच किंवा जवळपासचा दर्जा देऊ करते, यालाच स्टेटस मॅच म्हणतात. त्यासाठी जुन्या खात्यातील नाव, दर्जा आणि अलीकडील मुक्काम दिसतील असा पुरावा द्यावा लागतो. बहुतेक वेळा हा दर्जा सुरुवातीला काही महिन्यांपुरता, पुष्कळदा नव्वद दिवसांपुरता असतो आणि त्या मुदतीत ठरावीक रात्री पूर्ण केल्या तरच तो पुढे टिकतो. अशी संधी वारंवार मिळत नाही, म्हणून अर्ज करण्याची तारीख विचारपूर्वक निवडावी.

माझ्या धंद्यात पावसाळ्यात उघड्या खाणींचे काम मंदावते आणि दौरेही कमी होतात. त्या काळात मॅच मागितली असती, तर नव्वद दिवस घरी बसून संपले असते. कोळसा कंपन्यांची वर्षअखेरीची धावपळ जानेवारी ते मार्चमध्ये असते आणि आमचे दौरेही तेव्हाच दाट असतात. म्हणून मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज केला. तुमचा हंगाम संत्र्याच्या मृग बहाराचा असो की विद्यापीठांच्या परीक्षांचा, गणित हेच आहे: घड्याळ सुरू होण्याआधी पुढच्या तीन महिन्यांची तिकिटे हाताशी असावीत.

आणि आणखी एक. जुना दर्जा हातात असतानाच मॅच मागावी. तो उतरल्यावर तुमच्याकडे दाखवण्यासारखे काही उरत नाही.

वर्षाच्या कोणत्या टप्प्यावर बदल करणे सोयीचे असते?

आपले डोके एप्रिल ते मार्च चालते, या योजनांचे वर्ष मात्र जानेवारी ते डिसेंबर असते. पुष्कळ जण येथेच चुकतात. मार्चअखेर विक्रीचे लक्ष्य पूर्ण झाल्यावर निवांतपणे हॉटेलचा विचार करायला बसतात, तोवर नव्या वर्षातील सर्वांत दाट तीन महिने जुन्या योजनेत जमा झालेले असतात.

मिळवलेला दर्जा सामान्यतः ते वर्ष, पुढचे पूर्ण वर्ष आणि त्यानंतरचा थोडा काळ टिकतो. मॅरियट व हयातमध्ये तो फेब्रुवारीअखेर, हिल्टनमध्ये मार्चअखेर संपतो. याचा फायदा असा, की एका वर्षी जुन्या योजनेचा टप्पा गाठून घ्यावा आणि पुढचे संपूर्ण वर्ष तो दर्जा वापरत वापरत रात्री मात्र नव्या योजनेत जमा कराव्यात. असे केले तर मधल्या काळात कोठेही साध्या पाहुण्यासारखे उभे राहावे लागत नाही. माझ्या मते बदलाची ही सर्वांत शहाणी रीत आहे, फक्त तिला वर्षभराचा धीर लागतो.

डिसेंबरमध्ये दोन-चार रात्री कमी पडल्या, तर नागपुरातच हॉटेलात राहून त्या भरून काढाव्यात का?

कल्पना वाईट नाही, पण आपल्या गावात तिचा मुहूर्त नेमका चुकतो. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते. मंत्री, अधिकारी, पत्रकार, मोर्चेकरी असे सारे शहरात उतरतात आणि वर्धा रोडपासून रामदासपेठेपर्यंत चांगल्या खोल्यांचे दर चढतात. त्यात जामठ्याच्या मैदानावर क्रिकेटचा सामना असेल तर विचारूच नका. रात्री भरून काढायच्याच असतील, तर नोव्हेंबरमध्येच हिशेब तपासावा, किंवा ताडोबाला येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन एखादी रात्र आपल्या नावावर काढावी. पॉइंट्स भरून घेतलेल्या मोफत रात्रीही मॅरियट, हिल्टन आणि हयातमध्ये दर्जासाठी मोजल्या जातात, हे अनेकांना ठाऊक नसते.

मी स्वतः एकदा हा उद्योग केला आहे. घरापासून सहा किलोमीटरवरच्या हॉटेलात दोन रात्री काढल्या. आईने विचारले, की घरात काही झाले का?

क्रेडिट कार्डाने दर्जा मिळतो, तो घ्यावा का?

आकडा टप्प्याच्या जवळ असेल, तर अवश्य विचार करावा. एचडीएफसी बँकेने २०२३ मध्ये आणलेल्या मॅरियट बॉनव्हॉय कार्डाची वार्षिक फी ₹३,००० अधिक कर अशी ठेवली होती आणि त्यावर सिल्व्हर दर्जा, दर वर्षी १० रात्रींची जमा आणि १५,००० पॉइंट्सपर्यंतची एक मोफत रात्र दिली होती. या दहा रात्रींमुळे माझ्या ३५ च्या ४५ होतात, आणि मग प्लॅटिनम पंधरा नव्हे, पाच रात्रींवर येते. पंधरा रात्री ओढून आणता येत नाहीत. पाच आणता येतात. ज्याच्या केवळ बारा रात्री होतात, त्याला मात्र या कार्डाने दर्जाच्या बाबतीत विशेष काही साधत नाही. कार्डाच्या अटी बदलत असतात, तेव्हा अर्जाच्या दिवशीच्या अटी वाचून घ्याव्यात.

ताज किंवा आयटीसीसारख्या देशी साखळ्या या तुलनेत कोठे बसतात?

ज्यांचे दौरे पूर्णपणे भारतातच असतात, त्यांनी त्यांना दुय्यम समजू नये. ताजचे पॉइंट्स रुपयाच्या भावाने चालतात आणि टाटांच्या इतर दुकानांतही वापरता येतात, तेव्हा ते पडून राहत नाहीत. आयटीसीच्या अनेक आलिशान हॉटेलांची मॅरियटच्या लक्झरी कलेक्शनशी जोडणी आहे. अशा हॉटेलात एका मुक्कामाचे पॉइंट्स कोणत्या योजनेत घालायचे हे बुकिंगच्या वेळीच ठरवावे.

जीएसटीचा या निर्णयाशी काही संबंध आहे काय?

आहे, आणि ज्यांचा स्वतःचा व्यवसाय आहे त्यांनी तो दुर्लक्षू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ₹७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, पण त्यावर हॉटेलला इनपुट क्रेडिट (स्वतःच्या खरेदीवर भरलेला कर वजा करून घेण्याची सोय) मिळत नाही. त्याहून महाग खोलीवर १८ टक्के आहे. म्हणजे ₹७,४०० ची खोली करासह ₹७,७७० ला पडते आणि ₹७,६०० ची ₹८,९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकाचे बाराशे रुपये होतात. तुमची नवी योजना ज्या ब्रँडकडे नेते, त्यांचे दर या रेषेच्या अलीकडे आहेत की पलीकडे, हे पाहावे.

शिवाय खोलीच्या बाबतीत कर ज्या राज्यात हॉटेल आहे तेथेच लागतो. फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या माझ्यासारख्याला हैदराबादच्या बिलावरील केंद्र व तेलंगणच्या कराचे क्रेडिट घेता येत नाही, तो सरळ खर्चात जातो. जमलेल्या पॉइंट्सवर मोफत रात्र घ्यायची असेल, तर ती अशा परराज्यातील महाग मुक्कामासाठी घेणे मला अधिक किफायतशीर वाटते.

जुन्या योजनेत साठलेल्या पॉइंट्सचे काय करावे?

आधी मुदत पाहावी. मॅरियट, हिल्टन आणि हयातमध्ये २४ महिने खात्यात काहीही हालचाल झाली नाही, तर पॉइंट्स जातात. आयएचजीमध्ये दर्जा नसलेल्या सदस्यासाठी ही मुदत १२ महिन्यांची आहे. घाबरून ते वस्तूंच्या कॅटलॉगवर उधळू नयेत. मिक्सर आणि बॅगांच्या रूपात पॉइंट्सची किंमत सर्वांत कमी येते. मॅरियट आणि हिल्टनमध्ये चार रात्रींच्या पॉइंट्समध्ये पाचवी रात्र मिळते (हिल्टनमध्ये त्यासाठी किमान सिल्व्हर दर्जा लागतो), त्यामुळे साठा मोठा असेल तर कुटुंबासह पाच रात्रींची एक सलग सुट्टी हा उत्तम मार्ग आहे. हिल्टनमध्ये नातेवाइकांचे पॉइंट्स विनाशुल्क एकत्र करता येतात. मॅरियटचे पॉइंट्स अनेक विमान कंपन्यांच्या मैलांत तीनास एक या प्रमाणात बदलता येतात, पण तो मार्ग मी शेवटचा मानतो.

दोन योजना एकाच वेळी चालवाव्यात का?

सत्तर रात्रींच्या आत असाल तर नाही. रात्री निम्म्या-निम्म्या वाटल्या, की दोन्हीकडे बिनकामाचा दर्जा मिळतो. एक मुख्य ठेवावी आणि दुसरीचे केवळ मोफत सदस्यत्व घ्यावे, म्हणजे नाइलाजाने तेथे राहावे लागले तरी सदस्यदर मिळतो.

आणि कोणत्याच योजनेत न राहणे?

हा पर्यायही आदराने विचारात घ्यावा. वणीच्या ज्या लॉजवर मी अकरा वर्षे उतरतो, तेथे ना पॉइंट्स आहेत ना दर्जा. पण रात्री साडेअकराला पोहोचलो तरी झाकून ठेवलेले पिठले आणि भाकरी असते, खोली मागच्या बाजूची, ट्रकांच्या आवाजापासून दूरची मिळते आणि सकाळी पाण्याची बादली न सांगता येते. ज्यांच्या बहुसंख्य रात्री अशा ठिकाणी जातात, त्यांनी उरलेल्या पंधरा-वीस रात्रींसाठी सरळ त्या दिवशीचा स्वस्त आणि सोयीचा पर्याय घ्यावा. हॉटेलांच्या या योजना १९८३ च्या सुमारास अमेरिकेत विमान कंपन्यांचे पाहून सुरू झाल्या, त्या एकाच साखळीकडे पुन्हा पुन्हा जाऊ शकणाऱ्या पाहुण्यासाठी. तुम्ही तो पाहुणा नसाल, तर त्यात कमीपणा काही नाही.

आजीवन दर्जा जवळ आला असेल, तरीही बदलावे का?

मॅरियटमध्ये आजीवन गोल्डसाठी एकूण ४०० रात्री व ७ वर्षे, आणि आजीवन प्लॅटिनमसाठी ६०० रात्री व १० वर्षे तो किंवा त्यावरचा दर्जा लागतो. तुम्ही ५४० रात्रींवर असाल, तर थांबा आणि पूर्ण करा. २०० वर असाल, तर त्या आकड्याला विसरा.

बदल केल्यावर जुने खाते बंद करावे का?

करू नये. ते ठेवण्याला पैसे लागत नाहीत, आणि मार्ग पुन्हा बदलले तर जमलेल्या एकूण रात्री तेथेच असतात. मात्र त्या खात्यातील ई-मेल पत्ता कंपनीचा असेल, तर तो आजच बदलून स्वतःचा घालावा. माझ्या एका मित्राने नोकरी सोडली त्या दिवशी त्याचा ई-मेल बंद झाला, पासवर्ड बदलण्याचा कोड त्या बंद पेटीत जात राहिला, आणि साडेतीन लाख पॉइंट्स मिळवण्यासाठी त्याला पाच महिने ओळखपत्रे पाठवावी लागली.